मुलगा टेनिस सोडून पिकलबॉलकडे निघालाय. पैशाचं नक्की गणित काय?

चिंचगूळ
एरवी पाककृतींच्या विभागात असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. आठव्या वर्षी त्याला पुण्यात डेक्कनला टेनिसच्या उन्हाळी शिबिरात घातलं, ते शिबिर काही संपलंच नाही. राज्यात नाव झालं, देशात पहिल्या पंचविसात आला, बारावी बाहेरून केली आणि मग आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) १५ हजार डॉलरवाल्या स्पर्धा सुरू झाल्या. १५ हजार हे पूर्ण स्पर्धेचं बक्षीस असतं, एकट्याचं नव्हे, हे मला स्वतःला दोन वर्षांनी कळलं.

मी बँकेत होते, त्यामुळे वही ठेवायची सवय. त्यातलं एक पान जसंच्या तसं देते. मोनास्तिर, ट्युनिशिया, तीन आठवडे. विमान, व्हिसा, स्पर्धेचंच ठरलेलं हॉटेल, गटिंग (रॅकेटच्या तारा), जेवण मिळून १ लाख ९४ हजार. दोनदा पहिल्या फेरीत हरला, एकदा दुसरीत. बक्षीस तिन्ही आठवड्यांचं मिळून सहाशे डॉलरसुद्धा नाही, त्यातून कर कापलेला. एटीपीचा, म्हणजे पुरुषांच्या जागतिक क्रमवारीचा, गुण एक. तो गुणही ५२ आठवड्यांनी गळून पडतो. म्हणजे आम्ही दोन लाख देऊन एक गुण वर्षभर भाड्याने घेतला म्हणायचा.

सहा महिन्यांपूर्वी कोपर दुखावलं म्हणून घरी बसला होता. मित्राने बाणेरला पिकलबॉलला नेलं (छोट्या कोर्टावर पॅडल आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायचा टेनिससारखा खेळ). आता तिथेच सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा शिकवतो. सगळे आयटीतले लोक. पहिल्या महिन्याचे ४१ हजार आणून देवापुढे ठेवले. सतरा वर्षांत माझ्या वहीत जमेच्या बाजूला पहिल्यांदा काहीतरी लिहिलं. मधे दुहेरीची एक स्थानिक स्पर्धा जिंकला, त्याचे त्याच्या वाट्याला दहा हजार आले ते वेगळे.

आता म्हणतो, टेनिस बंद. ह्याचे बाबा या विषयावर बोलतच नाहीत. एकदाच बोलले, "शास्त्रीय सोडून ऑर्केस्ट्रात गेला."

मला जाणत्या लोकांकडून एवढंच हवंय: यात खेळाडू म्हणून पैसा आहे, की फक्त शिकवण्यात आहे? आणि असलाच तर किती वर्षं?

टॉपस्पिन
काकू, ऑर्केस्ट्रावाल्यांची घरं निदान दर महिन्याला चालतात :) बाकी जाणकार येतीलच.

बेसलाइनवरून
ताई, वहीचं पान वाचून पोटात गोळा आला. तशीच वही आमच्या बाबांकडे होती, फक्त निळ्या पुठ्ठ्याची. मी २६व्या वर्षी सोडलं, आता ३६चा आहे, कर्वेनगर भागात शिकवतो. सकाळी टेनिस, संध्याकाळी पिकलबॉल. दोन्हीकडची भाकरी खातोय, तेव्हा दोन्हीबद्दल लिहितो.

टेनिसमध्ये पैसा नाही असं कोणी म्हणालं तर खोटं आहे. २०२५च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १ लाख १० हजार डॉलर मिळाले. तुमच्या मुलाला मोनास्तिरला पहिल्या फेरीत हरल्याचे दीडशेच्या आसपास मिळाले असतील. चेंडू तोच, नेटची उंची तीच, हरण्याची फेरी तीच. मधल्या पायऱ्यांवर पैसा जवळपास नाहीच. आयटीएफनेच २०१३च्या आकड्यांवरून हिशेब काढला होता, पुरुषांमध्ये जगात ३३६वा खेळाडू जेमतेम खर्च भरून काढतो आणि बायकांमध्ये २५३वी. त्यात कोचचा पगार धरलेलाच नव्हता.

सुमित नागल आठवतो? सप्टेंबर २०२३. देशातला एक नंबरचा खेळाडू पत्रकारांना सांगत होता की खात्यात ९०० युरो उरलेत. चार महिन्यांनी त्याने मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, बुब्लिकला हरवलं. ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूला एकेरीत हरवणारा १९८९च्या रमेश कृष्णननंतरचा पहिला भारतीय. दुसऱ्या फेरीचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले आणि सगळ्यांनी म्हटलं, बघा, मेहनतीचं चीज झालं. झालंच. पण तो सामना तो हरला असता तर? २०२४पासून एटीपीने किमान कमाईची हमी दिलीय, त्या वर्षी पहिल्या शंभरात असाल तर ३ लाख डॉलर, मग दीड लाख, मग ७५ हजार अशी होती, आणि २५०व्या नंबरला हमी संपत होती. आपली मुलं बहुतेक त्याच्या खालच्या मजल्यावर.

आता खरं दुखणं सांगतो. फेब्रुवारी २०२४ला बालेवाडीला चॅलेंजर (मुख्य टूरच्या खालच्या पायरीची) स्पर्धा होती. मी माझ्या पोरांना घेऊन फायनलला गेलो होतो. मोनॅकोचा व्हाशेरो नावाचा उंच मुलगा जिंकला, पहिला सेट गमावून, पुढचे दोन्ही टायब्रेकवर. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मला त्याचं नावही आठवलं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये तोच मुलगा २०४व्या क्रमांकावरून, पात्रता फेरी खेळून, शांघाय मास्टर्स जिंकला. फायनलला समोर सख्खा मामे-मावस कोणीतरी भाऊच होता. ११ लाख डॉलरच्या वर मिळाले, आधीच्या सगळ्या कारकिर्दीत मिळून कमावले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. ती बातमी आली त्या रात्री माझ्या तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. तिघंही सोडायच्या बेतात होते, तिघांनीही आणखी एक वर्ष काढायचं ठरवलं. टेनिस असं धरून ठेवतं. मटक्याचा आकडा कोणाला तरी लागतोच ना.

पिकलबॉलचं नंतर लिहितो, क्लास सुरू होतोय.

जुना_मेंबर
प्लास्टिकचा भोकं पाडलेला चेंडू आणि लाकडी पोळपाट. त्याला खेळ म्हणायचं आणि खेळणाऱ्याला व्यावसायिक खेळाडू! आमच्या क्लबात टेनिसच्या एका कोर्टावर पिवळ्या रेघा मारल्यात. सकाळी सहापासून टॉक-टॉक-टॉक. बाल्कनीत पेपर वाचणं मुश्कील. लोणच्याचा चेंडू म्हणे.

ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. सतरा वर्षांची तपश्चर्या अशी सोसायटीच्या पार्किंगात घालवायची नसते.

किचनसम्राज्ञी
आजोबा, पोळपाट आता कार्बन फायबरचा असतो आणि चांगला घ्यायचा तर १५-२० हजाराला पडतो :)

(माझ्या आयडीचा पिकलबॉलच्या किचनशी, म्हणजे नेटजवळच्या पट्ट्याशी, संबंध नाही. पण आता आहे असं सांगत जाईन.)

शनिवारपेठी_ऑस्टिनकर
इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, चित्र सांगतो, कारण सगळे आकडे इथूनच येतात आणि तिकडे पोचेपर्यंत फुगतात.

२०२१मध्ये मेजर लीग पिकलबॉलची पहिली स्पर्धा आमच्यापासून तासाभरावर, ड्रिपिंग स्प्रिंग्जला झाली. तेव्हा मला तो सुखवस्तू लोकांचा छंद वाटला होता. पुढच्याच वर्षी लेब्रॉन जेम्स, टॉम ब्रेडी असे लोक संघ विकत घेत होते. मग २०२३च्या उन्हाळ्यात ही लीग आणि पीपीए टूर (व्यावसायिक पिकलबॉलची दुसरी स्पर्धामालिका) यांच्यात खेळाडू पळवण्याची चढाओढ लागली. टेनिसमध्ये ज्यांना कधी कोणी हमी दिली नव्हती अशांना तीन-तीन वर्षांचे ठरीव पगाराचे करार मिळाले. जिंको वा हरो, पगार चालू. आणि त्याच वर्षाच्या शेवटी दोघांनी एकत्र व्हायचं ठरवलं आणि खेळाडूंना सांगितलं, ठरलेल्या रकमेतून ४० टक्क्यांच्या आसपास सोडा. बहुतेकांनी सोडले. एकच मालक उरल्यावर जाणार कुठे? करारात दुसऱ्या टूरवर खेळायला मनाई असतेच.

टेनिसमधून कोण आलं? जॅक सॉक. २०१७ला जगात आठवा होता, दुहेरीत विम्बल्डन दोनदा जिंकलेला. मे २०२३मध्ये अ‍ॅना ली वॉटर्सबरोबर पिकलबॉलची मिश्र दुहेरी जिंकला आणि सप्टेंबरमध्ये टेनिसला रामराम ठोकला. सॅम क्वेरी आला. डोनाल्ड यंग आला. युजिनी बुशार आली, २०१४ची विम्बल्डन उपविजेती. तिला सुरुवातीला अशा मुलींनी हरवलं ज्यांचं नाव टेनिसमध्ये कोणी ऐकलेलं नाही. पण एक लक्षात घ्या, सॉक टेनिसमध्ये एक कोटीहून जास्त डॉलर कमावून आलाय. त्याच्यासाठी हा निवृत्तीनंतरचा उद्योग. ताईंच्या मुलासाठी ही पहिली नोकरी आहे. दोघांना एका तागडीत घालू नका.

आणि सगळ्यात वरची कमाई कोणाची? वॉटर्सची. वर्षाला दहा लाख डॉलरांच्या कितीतरी वर. ती टेनिसची माजी खेळाडू नाहीच. २००७चा जन्म, २०१७मध्ये फ्लोरिडात वादळ आलं म्हणून आजोबांकडे गेली, तिथे त्यांनी पॅडल हातात दिलं, बाराव्या वर्षी व्यावसायिक झाली. टेनिस खेळली होती तिची आई, कॉलेजात. माझ्या मते या धाग्यातला खरा मुद्दा हा आहे. टेनिसवाल्यांची सद्दी आहे ती पॅडलवरच वाढलेली पोरं मोठी होईपर्यंत.

टॉपस्पिन
म्हणजे किती वर्षं?

शनिवारपेठी_ऑस्टिनकर
इथे आत्ताच संपत आलीय. तिकडे पाच-सात वर्षं धरा. आत्ता दहा-बारा वर्षांची असलेली मुलं विशीत येईपर्यंत.

वाकडचा_टर्फवाला
मी कोर्टं चालवतो, नाव-पत्ता सांगत नाही, जाहिरात होईल.

आधी माझा क्रिकेट-फुटबॉलचा टर्फ होता. कोविडनंतर टर्फ इतके झाले की तासाचा भाव पडत पडत अर्ध्यावर आला. मग अर्ध्या जागेत पिकलबॉल टाकलं. हिशेब सोपा आहे. टेनिसला मागची-बाजूची मोकळी जागा धरून ६० बाय १२० फूट लागते. पिकलबॉलचं कोर्ट २० बाय ४४, आजूबाजूची जागा धरून ३० बाय ६०. एका टेनिस कोर्टात चार बसतात. तिकडे चार माणसं खेळतात, इकडे सोळा. मी तासाला आठशे घेतो, चौघांत दोनशे-दोनशे, कोणाला जड जात नाही.

शिकवणाऱ्याला मी तासावर पैसे देतो. टेनिस खेळलेला असेल तर जास्त देतो. खोटं कशाला बोलू, बोर्डावर "माजी राष्ट्रीय टेनिसपटू" लिहिलं की बॅच भरते. पण गेल्या वर्षभरात माझ्या तीन किलोमीटरच्या आत नवीन कोर्टं किती आली ते मोजणं मी सोडून दिलंय. पावसाळ्यात छप्पर नसलं तर चार महिने हातावर हात. ताई, मुलाला सांगा एका जागेवर विसंबू नको. आम्ही बंद पडलो तर त्याचीही बॅच बंद.

जुना_मेंबर
म्हणजे चटईक्षेत्राचा खेळ झाला हा. बिल्डरांनी शोधला असता तरी चाललं असतं.

हिशेबनीस
चटईक्षेत्रावरून आठवलं, थोडं रुक्ष लिहितो.

ताई, तुमच्या वहीत आता दोन खाती पाडा. शिकवण्याचं उत्पन्न आणि खेळण्याचं उत्पन्न. खेळाडू, कोच, पंच हे सगळे व्यावसायिक फीवरच्या करकपातीत (टीडीएस) येतात. वर्षाला ५० हजारांच्या वर पैसे देणारा १० टक्के कापून देईल. कापले की गेले असं समजू नका, विवरणपत्र भरलं की जास्तीचे परत येतात. बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं, चार-चार वर्षांचे पैसे सरकारकडे पडून असतात. रोखीत घेत असेल तर थांबवा. उद्या त्याला घराचं कर्ज हवं असेल तेव्हा बँक तुमच्या वहीकडे बघणार नाही. तुम्हाला मी हे सांगायला नको.

आता पैशाकडे बघू. ४१ हजार महिना म्हणजे वर्षाला चार लाख ऐंशी-नव्वद. पावसाळ्याचे दोन महिने वजा करा. चार. हिंजवडीत नवीन इंजिनियरला साधारण तेवढंच मिळतं. फरक असा की इंजिनियरचा पगार अनुभवाने वाढतो. कोचचे तास वाढतात, आणि तासांना दिवसाची मर्यादा आहे. सहा तास रोज सिमेंटवर उभं राहून चाळिशीपर्यंत गुडघे टिकवायचे, हा यातला खरा भांडवली खर्च.

बेसलाइनवरून
पुढचं लिहितो.

मी पहिल्यांदा पिकलबॉल खेळलो तेव्हा औंधच्या एका जोडप्याकडून ११-४ हरलो. दोघं पन्नाशीचे, ते डॉक्टर, त्या गणिताच्या शिक्षिका. मी पहिला चेंडू असा मारला की टेनिसला तो परत येतच नाही. आला. दुसरा जोरात मारला, तोही आला, माझ्या पायापाशी. कोर्टाची लांबी ७८ची ४४ फूट झाली की तुमची ताकद समोरच्याच्या उपयोगाची होते. सर्व्हिस कमरेखालून, म्हणजे आयुष्यभर घासलेलं हत्यार म्यानात. नेटजवळचे सात फूट म्हणजे किचन, तिथे उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. त्यामुळे सगळा खेळ हळू, बुटका, नेटच्या चार बोटं वरून. त्याला डिंक म्हणतात. आम्हा टेनिसवाल्यांना तो डिंक लवकर पचत नाही, बाळंतिणीसारखे लाडू करून खावा लागतो.

पण तीन महिन्यांनी टेनिसवाला पुढे जातो. चेंडू लवकर ओळखणं, पायांची ठेवण, दुहेरीत जोडीदार कुठे आहे हे न बघता कळणं, दडपणाखाली श्वास धरणं, हे सतरा वर्षांचं कुठे जात नाही. ताईंच्या मिस्टरांना एवढं जरूर सांगा.

खेळाडू म्हणून कमाई? आपल्याकडे आज वरचे थोडे लोक त्यावर जगतात. अरमान भाटिया हे ठळक नाव, मूळचा टेनिसचाच. त्यांची बक्षिसं, पॅडल कंपन्यांचे करार, लीगचे पैसे आहेत. त्याच्या खालच्या फळीत स्पर्धेची फी, प्रवास, हॉटेल भरून वर्षाअखेर खिसा झटकला तर शिकवण्याचेच पैसे हातात येतात. टेनिससारखंच. फक्त खड्डा उथळ आहे. मुंबईची स्पर्धा शिवनेरीने जाऊन खेळून येता येते, ट्युनिशियाला जावं लागत नाही. पॅडलला गट लागत नाही. माझ्या खेळायच्या काळात मी एकट्या गटिंगवर महिन्याला जेवढे घालवत होतो त्यात आज एका पॅडलवर आठ महिने काढतो.

जुना_मेंबर
सगळं मान्य. पण दर्जाचं काय? एक खेळ अर्धवट सोडून दुसऱ्या सोप्या खेळात नाव काढणं याला आमच्या काळी पळवाट म्हणत.

किचनसम्राज्ञी
आजोबा, नंदू नाटेकर तुमच्याच काळचे ना? ते आधी टेनिस खेळायचे. ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलला रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ला परदेशात स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, १९६१ला पहिल्या अर्जुन पुरस्कारांत होते. पळवाट म्हणायची का तिला?

आणि त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर. १९९४च्या हिरोशिमा एशियाडला पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण. त्यांनी आणि आरती नाटेकरांनी वर्ल्ड पिकलबॉल लीग काढली. जानेवारी २०२५मध्ये मुंबईत सीसीआयला (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) पहिला मोसम झाला, सहा संघ, त्यात पुण्याचाही. टेनिसचं घराणं स्वतः पिकलबॉलमध्ये पैसा लावतंय म्हटल्यावर आपण नाकं का मुरडायची?

जुना_मेंबर
नंदूला मी खेळताना पाहिलंय. त्याच्याशी तुलना करू नका. (पण मुद्दा बिनतोड आहे. आज चहा साखर घालून घेतो.)

मार्करचा_पोरगा
मी इथे फक्त वाचतो. आज लिहितो.

माझे वडील एका क्लबात मार्कर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे ज्याला जोडीदार मिळाला नाही त्या मेंबरबरोबर खेळायचं, हरायचं असेल तर हरायचं, आणि तासाचे पैसे घ्यायचे. ते आधी बॉलबॉय होते. मीही बॉलबॉय होतो. मेंबर लोकांच्या मुलांचे जुने बूट, जुन्या रॅकेट मला मिळायच्या. मी ज्या मुलांना सरावाला चेंडू घालायचो त्यातले दोघं-तिघं नंतर देशासाठी खेळले. चौदाव्या वर्षी मी त्यातल्या एकाला सेट घेतला होता. वडील घरी आल्यावर म्हणाले, पुन्हा असं करू नकोस.

तुमच्या वहीत दोन लाखांचं पान आहे ना ताई, आमच्याकडे ती वहीच नव्हती. मी कधी मोनास्तिरला गेलो नाही. पासपोर्ट मी गेल्या वर्षी काढला. तो पिकलबॉलसाठी काढला.

आता मी चार सोसायट्यांत शिकवतो. डीयूपीआर म्हणून मोजणी आहे, जो कोणी सामना खेळेल त्याचा आकडा निघतो, तुम्ही कुठल्या क्लबाचे मेंबर आहात ते त्यात लिहिलेलं नसतं. माझा आकडा ज्यांच्यासाठी मी चेंडू वेचले त्यातल्या काहींपेक्षा वर आहे. स्पर्धेत समोर आले तर आता मी हरत नाही. हरायचे पैसे नाहीत त्यात.

ताईंच्या मुलाचं नुकसान झालं हे खरंच आहे. पण मधे पैसा नाही, खाली पैसा नाही, वरच आहे, असं बेसलाइनवरून दादांनी टेनिसबद्दल लिहिलं. आम्ही त्या खालच्याही खाली होतो. पिकलबॉलमध्ये पहिल्यांदा मधे थोडा पैसा आलाय. किती वर्षं राहील ते माहीत नाही. आहे तोवर घेतो. बहिणीचं लग्न यातूनच झालं.

टॉपस्पिन
दादा, उभं राहून टाळ्या.

बेसलाइनवरून
मार्करचा_पोरगा, तू कोण ते मला बहुतेक कळलंय. तो सेट मी पाहिला होता. ६-४.

मार्करचा_पोरगा
७-५ सर.

पाषाणची_चिमणी
विषयांतर होईल पण आवाजाचं कोणीतरी गंभीरपणे घ्या. आमच्या सोसायटीत बॅडमिंटन कोर्टावर हे सुरू झालं, कारण कोर्टाचं माप तेच. सर्वसाधारण सभेत दीड तास फक्त यावर भांडण. शेवटी सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर बंद असं ठरलं. मग कोचने तासाचे पैसे वाढवले, कारण त्याचे तास कमी झाले. त्यावर पुन्हा सभा.

हिशेबनीस
हे विषयांतर नाही, हा उत्पन्नाचाच मुद्दा आहे. नोकरदार माणूस सहा ते आठ आणि आठ ते दहा या वेळातच मोकळा असतो. त्या वेळेवर सोसायटीने कात्री लावली की कोचचं उत्पन्न तिथेच कापलं जातं.

शनिवारपेठी_ऑस्टिनकर
इथे यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात. आवाज कमी करणारी पॅडलं निघालीत. जुन्या मेंबरांना एक भेट पाठवू का?

वाकडचा_टर्फवाला
सरकारी बाजूही बघा. एप्रिल २०२५मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली. मात्र २००८पासून ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन काम करतेय, हा खेळ इथे आणणाऱ्या मुंबईच्या सुनील वालावलकरांची. दोन संघटना म्हटल्यावर पुढचं तुम्हाला सांगायला नको, कबड्डीपासून कुस्तीपर्यंत सगळं पाहिलंय आपण. मुलाने कुठलीही स्पर्धा खेळण्याआधी ती कोणाची आहे ते विचारावं.

बेसलाइनवरून
बरोबर. आणि आणखी एक. ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर हांगझोऊला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, पुण्याची मुलगी, तिचं कौतुक सरकारदरबारीही झालं. पिकलबॉल अजून एशियाडमध्ये नाही, ऑलिंपिकमध्ये नाही. पदकामागून येणारी नोकरी, रोख बक्षीस, ते दार तूर्त बंद आहे. ताई, मुलगा पंचवीसचा आहे, त्याने पदवी पूर्ण केलीय का?

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, घरात जरा धामधूम होती.

पदवीचं शेवटचं वर्ष राहिलंय, बीकॉमचं. मुक्त विद्यापीठाचा अर्ज कालच भरला. त्याने हा पूर्ण धागा वाचला. ऑस्टिनकरांचं वॉटर्सबद्दलचं वाचून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, बाणेरच्या बॅचला एक नऊ वर्षांची मुलगी येते, ती मला दोन वर्षांनी हरवणार. आणि हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा टेनिसचा विषय निघूनही हसला.

त्याने असं ठरवलंय की दोन वर्षं खेळायचं, शिकवण्याचे तास सकाळचेच ठेवायचे, आणि दोन वर्षांनी डीयूपीआरचा आकडा कुठे आहे ते बघून पुढचं. मार्करचा_पोरगा यांना त्याने निरोप पाठवलाय, दुहेरीला जोडीदार हवाय का म्हणून. उत्तर आलं नाही अजून. दादा, बघा जरा.

ह्याचे बाबा रविवारी बाणेरला गेले होते. मला म्हणाले बँकेत काम आहे. रविवारी! जाळीच्या बाहेर उभे होते असं मुलानेच सांगितलं. घरी आल्यावर जेवताना एवढंच विचारलं, "ती पुढची रेघ ओलांडली तर गुण जातो का?" मुलगा पंधरा मिनिटं ताटात वाटी-चमचा मांडून किचन समजावत होता. आमटी गार झाली.

हिशेबनीस, तुम्हाला एक विचारायचं होतं. शिकवण्याच्या फीची पावती द्यायची तर पावतीपुस्तकावर त्याचं नाव घालू की जागेच्या मालकाचं? आणि जुन्या कापलेल्या करातले किती वर्षांपूर्वीपर्यंतचे परत मिळतात?

हिशेबनीस
नाव त्याचंच. पॅन नंबरही त्याचाच. जुन्या वर्षांसाठी वहीची पानं घेऊन या, निळा पुठ्ठा असो वा नसो.

मार्करचा_पोरगा
ताई, निरोप आत्ता पाहिला. त्याला विचारा डावीकडे खेळतो का उजवीकडे. मी डावीकडचा आहे.